रेघेबाहेर जाणारी कात्री

माझ्या मावशीला स्वतःची निंदा करायची हौस होती. हौसच म्हणते मी. चार माणसांत कुणी तिच्या कामाचं कौतुक करायला तोंड उघडलं की ती लगबगीने पुढे व्हायची आणि ते कौतुक दुसऱ्या कुणाच्या तरी पदरात टाकून मोकळी व्हायची. ‘मला कुठलं काय येतंय, मास्तर आहेत म्हणून चाललंय,’ हे तिचं ठरलेलं वाक्य. शाळेत असताना मी त्याची नक्कल करून मैत्रिणींना हसवायची. नाचता येईना अंगण वाकडं, असं लोक म्हणतात. मावशीचं नेमकं उलटं. अंगण खरोखर वाकडं असलं तरी ही म्हणणार, अंगण छान आहे हो, मलाच नाचता येत नाही. आज मी थट्टेने लिहिते आहे, पण त्या वाकड्या अंगणापायी तिची अकरा वर्षं गेली आणि त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. तो कुणावर काढायचा ते कळत नाही, म्हणून लिहायला बसले.

मी सहा वर्षांची असताना माझी आई वारली. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. तिचं लग्न झालेलं नव्हतं, आणि माझी जबाबदारी अंगावर घेतल्यावर ते झालंही नाही. मला सांभाळायचं तर नियमित काम हवं, म्हणून तिने कोट शिवणाऱ्या मास्तरांच्या दुकानात नोकरी धरली. आम्ही दोघी दोन खोल्यांत राहायचो. बाहेरच्या खोलीत लोखंडी खाट, खिडकीजवळ टेबल आणि दाराला आरसा असलेलं कपाट. त्या आरशात अंगभर दिसायचं, आणि मावशीला तो फार आवडायचा. स्वतःला बघायला नव्हे, मला बघायला. शाळेचा गणवेश घालून मी उभी राहिले की ती मागून खांद्यावर हात ठेवायची आणि म्हणायची, तुझा उजवा खांदा जरा उतरतो, दप्तर बदल आता डाव्या बाजूला.

माणसांचे खांदे बघायची तिला खोडच होती. रस्त्याने चालताना पुढच्या माणसाकडे बघून ती हळूच सांगायची, याची पाठ वरून गोल आहे, याचा कोट मागून उचलला जाणार. पोस्टाच्या रांगेत उभं राहून तिने एकदा एका गृहस्थांच्या डाव्या दंडाबद्दल इतकं बारकाईने सांगितलं की ते वळून बघायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मावशीला त्यात काही विशेष वाटत नसे. तिला वाटे, सगळ्यांनाच हे दिसतं, फक्त लोक बोलत नाहीत.

मास्तरांचं दुकान चिंचोळं होतं. एका बाजूला किल्ल्या करून देणारा, दुसऱ्या बाजूला वह्या-पेन्सिलींचं दुकान. पुढच्या भागात रस्त्यावरून दिसेल असं बेतायचं उंच टेबल, आत दोन मशिनी, इस्त्रीचा ओटा, आणि त्यामागे एक पडदा लावून गिऱ्हाइकाला कोट घालून बघायची जागा. ओल्या लोकरीवर इस्त्री फिरली की जो वास येतो तो तिथे बारा महिने असायचा. मावशी मशीनवर बसायची, कच्चा धागा घालायची, कॉलर बसवायची, काजं-बटणं करायची. बेतणं मात्र मास्तरांचं. कोटाच्या धंद्यात शिवणारे पुष्कळ मिळतात, पण कापडावर खडूने रेघा मारून ते कापणारा, म्हणजे बेतणारा, तोच खरा मास्तर. बाकीचे त्याच्या हाताखालचे. दुकानाची अशी रीत होती की माप घेताना मास्तर टेप धरायचे आणि आकडा मावशीने मोठ्याने वाचून वहीत लिहायचा. मास्तर म्हणत, मालकाने आकडे पुटपुटत बसायचं नसतं, ते कारकुनासारखं दिसतं.

मास्तर वाईट नव्हते. वाईट असते तर ही गोष्ट फार सोपी झाली असती. माझ्या आजारपणात ते स्वतः दवाखान्यात येऊन बसत, आणि मावशीला कधी ‘अगं’ म्हणत नसत, ‘बाई’ म्हणत. फक्त त्यांना स्वतःच्या रेघेचा भयंकर अभिमान होता. आपला एकही कोट आजवर परत आलेला नाही, हे ते दिवसातून एकदा तरी कुणाला तरी ऐकवत. कुणी भेटलं नाही तर किल्लीवाल्याला हाक मारून ऐकवत.

मी चौदा वर्षांची असताना मास्तरांचा उजवा अंगठा धरला. कात्रीच्या कडीत तो जाईना, गेला तर दाबता येईना. महिनाभर त्यांनी दात-ओठ खाऊन रेटलं आणि मग एके दिवशी ती मोठी कात्री मावशीच्या हातात दिली. म्हणाले, रेघ माझी, कात्री तुझी. कात्री काय, कुणीही चालवेल, अक्कल लागते ती रेघेला. मावशी ठेंगणी आणि टेबल मास्तरांच्या उंचीचं, म्हणून पायाखाली एक फळी ठेवावी लागली. त्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा तिचा चेहरा मला आठवतो. शिक्षकांनी पहिल्यांदाच फळ्यासमोर बोलावलेल्या मुलीसारखा होता.

पण आठवडाभरातच तो उतरला. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, माझी कात्री रेघेवर राहत नाही. खांद्याशी आली की आत शिरते, बगलेच्या गोलाईवर बाहेर सरकते, कितीही डोळ्यांत तेल घालून कापलं तरी बोटभर इकडेतिकडे होतंच. हाताला वळणच नाही माझ्या. तिने मास्तरांपाशी तसं कबूलही केलं होतं. मास्तरांनी कोट शिवून होऊ दिला, गिऱ्हाइकाच्या अंगावर घालून हात फिरवून बघितला. चपखल बसला होता. मग ते हसले आणि म्हणाले, बाई, माझी रेघच अशी असते की तुझ्यासारखीचा हात चुकला तरी कोट बसतो. मी तेवढी माया सोडूनच ठेवतो. शिवणीसाठी जास्तीचं कापड सोडतात त्याला माया म्हणतात, तिच्याबद्दल ते बोलत होते. मावशीला ते पटलं. पटलं एवढंच नाही, ती त्यांची ऋणी झाली. आपल्या चुका पोटात घालणारी रेघ मास्तर मारतात, अशी तिची खात्री झाली.

आता हे नीट बघा, कारण माझा सगळा राग इथेच आहे. मास्तर बघायचे तयार झालेला कोट. मावशी बघायची कापताना सुटलेली रेघ. कोट चांगला म्हणून मास्तरांनी ठरवलं, आपली रेघ चांगली. रेघ सुटली म्हणून मावशीने ठरवलं, आपला हात वाईट. दोघं एकाच टेबलाशी उभे, दोघांनाही डोळ्यांसमोरचंच दिसत होतं, आणि दोघांचंही साफ चुकत होतं. शेजारी शेजारी उभ्या असलेल्या त्या दोघांनी एकदाही जागा बदलून बघितली नाही.

मावशीला हवं होतं ते एकच. कोरं कापड पसरलेलं असावं, खडू तिच्या हातात असावा आणि पहिली रेघ तिची असावी. हे तिने मला कधी सांगितलं नाही, पण आमच्या घरात ते लपण्यासारखं नव्हतं. संध्याकाळी भांडी झाली की ती जुनी वर्तमानपत्रं जमिनीवर पसरायची आणि साबणाच्या वाळक्या चिपेने त्यावर कोट आखायची. पाठ, पुढचे दोन भाग, बाही, कॉलर. आखून झालं की मागे सरून बराच वेळ बघत बसायची. त्या वेळी तिच्याशी बोललं तर ऐकू जात नसे. मग एकदम भानावर यायची, काहीतरीच माझं, असं म्हणायची आणि कागद गोळा करायची. कपाटाच्या खणांत, भांड्यांच्या फळीवर, सगळीकडे ते कागद अंथरलेले असायचे. बशी काढायला गेलं की खाली कुणाची तरी बाही दिसायची.

मी सतरा वर्षांची असताना पहिली संधी आली. गावात गणवेश शिवणारा एक कारखाना होता, दवाखान्यातल्या परिचारिकांचे, हॉटेलातल्या लोकांचे कपडे तिथे व्हायचे. तिथल्या मुख्य बाई आपल्यासाठी कोट शिवायला मास्तरांकडे आल्या होत्या. कच्च्या धाग्यावर कोट घालून बघताना मावशीने त्यांच्या खांद्यापाशी दोन टाचण्या लावल्या, आणि बाईंनी आरशातून तिच्याकडे बघितलं. बाहेर पडताना त्यांनी हळूच विचारलं, आमच्याकडे येतेस का बेतायला? मावशी दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत कारखान्याच्या फाटकापर्यंत गेली आणि परत आली. मी संतापले. वाट्टेल ते बोलले. तुला भीक मागायचीच सवय लागलीय, असंसुद्धा म्हणाले, ज्याची मला आजही लाज वाटते. ती एवढंच म्हणाली, तिथे माझ्या चुका पोटात घालायला मास्तर नसतील गं.

पुढची आठ वर्षं तशीच गेली. मी शिकले, एका चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायच्या कामावर लागले. मावशीचे केस पिकले. फळीवर उभं राहून राहून पाय सुजायला लागले, पण कात्री सुटली नाही आणि कागदांवरच्या बाह्याही थांबल्या नाहीत.

मग एक दिवस मास्तर आमच्या चष्म्याच्या दुकानात आले. किल्लीवाल्याने म्हणे बळेच पाठवलं होतं, कारण त्यांनी त्याच्या दुकानाला आपलं समजून आत पाऊल टाकलं होतं. मी त्यांना खुर्चीत बसवलं आणि आधी चौकटी-चौकटींचा कागद दाखवला. मधल्या ठिपक्याकडे बघायचं आणि आजूबाजूच्या रेघा सरळ दिसतात का ते सांगायचं. मास्तरांनी कागदाकडे बघितलं आणि तुच्छतेने म्हणाले, सरळ कसल्या? सगळ्या वाकड्यातिकड्या छापल्यात, छापखाना बदला तुमचा. दुसऱ्या डोळ्याने त्यांना मधला ठिपकाच सापडला नाही. शनिवारी आमच्याकडे डोळ्यांचे डॉक्टर येतात, त्यांनी बघून सांगितलं की दोन्ही डोळ्यांचे पडदे खराब झालेत, चष्म्याने काही होणार नाही, आणि हे आजचं दुखणं नव्हे, दहा-बारा वर्षं तरी होत आलं असणार.

दहा-बारा वर्षं. मावशीच्या हातात कात्री आल्याला अकरा झाली होती. डॉक्टर गेल्यावर मी मास्तरांना विचारलं की मग तुम्ही रेघ कशी मारता. ते अगदी शांतपणे बोलले.

“पाच-सहा वर्षांमागेच बंद करणार होतो मी. म्हटलं, एक कोट बिघडू दे, एकच परत येऊ दे, त्या दिवशी खडू ठेवून द्यायचा. वाट बघत राहिलो. आलाच नाही. तेव्हा समजलो, डोळे गेले तरी हात बघतोय आपला.” मग म्हणाले, “बाईला बोलू नकोस. घाबरेल बिचारी.”

मी संध्याकाळी मावशीला आणायच्या निमित्ताने दुकानात गेले. बेतायच्या टेबलाखाली चिंध्यांची टोपली असते. त्या चिंध्या मावशी वर्षानुवर्षं उशांत भरायला घरी आणत होती, मी त्यावर डोकं ठेवून झोपले होते आणि एकदाही त्यांच्याकडे बघितलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. त्या दिवशी बघितलं. खांद्याजवळच्या चिंधीवर खडूची पांढरी रेघ होती, कापापासून बोटभर आत. दुसऱ्या चिंधीवर तशीच. रेघ एखाद्या ओहोळासारखी वळवळत गेली होती, आणि कापलेली कड मात्र एका दमात, स्वच्छ, जिथे जायला हवी तिथे गेली होती. मला रडूही आलं आणि त्या दोघांनाही धरून गदागदा हलवावंसंही वाटलं.

घरी आल्यावर मी मावशीला सगळं सांगितलं. मास्तरांचा शब्द मोडला, त्याचं मला काहीही वाटलं नाही. मला वाटलं होतं ती आनंदाने वेडी होईल. ती माझ्यावरच उखडली. म्हणाली, म्हाताऱ्या माणसाचे डोळे गेले आणि तुला त्यातून माझं कौतुक काढायचंय? डोळे गेले असतील, हात गेला नाही त्यांचा. एवढे कोट बसले ते काय हवेने? मी म्हणाले, तुझ्या कात्रीने. ती म्हणाली, माझी कात्री तर रेघ सोडते. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी मी म्हटलं, मग एकदा रेघ सोडू नकोस. एकच कोट, हात घट्ट धरून, अगदी रेघेवरून काप. बसला तर मी परत तोंड उघडणार नाही.

त्या आठवड्यात मास्तरांनी माझ्यासाठी करड्या लोकरीचा कोट आखला होता, डोळे तपासल्याची भेट म्हणून. मावशीने ते कापड एक दिवस घरी आणलं. खाली साधं मांजरपाट अंथरलं आणि दातेरी चाक फिरवून मास्तरांच्या रेघा जशाच्या तशा त्यावर उतरवल्या. मग तिने मांजरपाट कापलं. मी समोर बसले होते. खांद्याशी आल्यावर तिने कात्रीवरची पकड आवळली. कात्री आत ओढ घेत होती आणि ती तिला ओढून रेघेवर धरत होती. कपाळावर घाम आला. कापून झाल्यावर तिने मनगट दाबत म्हटलं, इतका त्रास तर जड लोकरीनेही होत नाही.

रविवारी दुपारी कच्च्या धाग्याने जोडलेला तो मांजरपाटाचा कोट मी घालून आरशासमोर उभी राहिले. उजव्या खांद्यावर उंचवटा आला होता. डावी बाही मागे पिळली होती. कॉलर मानेपासून सुटून उभी राहिली होती, आत मूठ जाईल एवढी. मी गप्प राहिले. आयुष्यात पहिल्यांदा राहिले असेन. मावशी माझ्याभोवती एक फेरी फिरली, मग दुसरी. कॉलरच्या पोकळीत तिने बोटं घातली, उंचवटा दाबून बघितला. मग खाटेवर बसली आणि आरशातल्या त्या भुताकडे बघत राहिली.

“अकरा वर्षं,” ती म्हणाली, “रोज घरी येताना मी स्वतःला बोल लावायची. पूर्ण रस्ताभर. माहीत आहे का तुला?”

मला माहीत नव्हतं. ती रडली, पण मला वाटलं होतं तसं सुटल्यासारखं नाही. ट्रेन निघून गेल्यावर प्लॅटफॉर्मवर पोचलेलं माणूस रडेल तसं रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसले होते आणि माझ्या लक्षात आलं की खरं कळलं की आनंद होतो हा माझा आपला समज होता. खरं कळल्यावर तिने आधी मोजलं ते गेलेलं. फाटकापाशी जाऊन परत आलेली दुपार तिने मोजली. भांड्यांखाली गेलेले सगळे कोट मोजले. मग डोळे पुसून म्हणाली, मास्तरांना यातलं अक्षर सांगायचं नाही. मी म्हटलं, का म्हणून? त्यांनी काय केलं तुझ्यासाठी? ती म्हणाली, त्यांच्यापाशी आता तेवढंच उरलंय, ते मी घ्यायचं नाही.

करडी लोकर तिने दुसऱ्या दिवशी दुकानात कापली, मास्तरांच्या रेघांवर, म्हणजे त्यांच्या आतबाहेर, नेहमीसारखी. तो कोट मी अजून घालते.

मीही गप्प बसणाऱ्यांतली नव्हे. कारखान्यात गेले आणि मुख्य बाईंना भेटले. त्यांना मावशी आठवत होती, खांद्यापाशी लावलेल्या दोन टाचण्याही आठवत होत्या. त्या स्वतः वर्षअखेर निवृत्त होणार होत्या आणि बेतणाऱ्या विभागात जागा होती. म्हणाल्या, तुझ्या मावशीचं एक्कावन्न म्हणजे काही वय नव्हे, पण वरच्या साहेबांना कागद लागतो, ती जिथे काम करते त्या मास्तरांचं पत्र आणा की हिला बेतता येतं. मी घरी येऊन सांगितलं. मावशी दोन संध्याकाळी कागदांवर कोट आखत बसली. तिसऱ्या दिवशी सकाळी म्हणाली, तू येशील का माझ्याबरोबर?

दुकानात मास्तर उंच टेबलाशी उभे होते. मावशीने सगळं एका दमात सांगितलं, कारखाना, जागा, पत्र. मास्तर बराच वेळ टेबलावरचा खडू बोटांनी चाचपत राहिले. मग म्हणाले की बरंच झालं. माझा मुलगा कधीपासून त्याच्याकडे राहायला बोलावतोय, मीही आता नवीन हात शिकवत बसणार नाही, हातातले कोट संपले की दुकान बंद. एकही परत न येता बंद होतंय, आणखी काय पाहिजे माणसाला. मावशीने मान हलवली. मग त्यांना एकदम काहीतरी सुचलं आणि त्यांनी काळजीने विचारलं, पण तिथे तुला रेघ कोण मारून देणार?

“मीच,” मावशी म्हणाली.

मास्तरांनी खडू बाजूला सरकवला. मला वाटलं, आता हसतील. हसले नाहीत. म्हणाले, घे कागद, मी सांगतो, तू लिही, माझं अक्षर हल्ली कुणाला लागत नाही. मावशी बेतायच्या टेबलावर कागद ठेवून फळीवर उभी राहिली. मी तिच्या मागे. मास्तर नजर समोर रस्त्यावर लावून, एकेक शब्द तोलून सांगायला लागले.

“या बाईने माझ्या दुकानात एकोणीस वर्षं काम केलं. त्यातली अकरा वर्षं कात्री हिच्या हातात होती.” मावशी लिहीत होती. “मी मारलेली रेघ हिने कधीही सोडली नाही. सांगितलेलं काम सांगितलं तसं करते. लिहिलंस?”

मावशीचं पेन थांबलं होतं. अकरा वर्षं ती ज्यासाठी झुरली ते कौतुक शेवटी तिला मिळत होतं, आणि ते नेमकं तिने कधीही न केलेल्या गोष्टीचं होतं. मला वाटलं, आता मी बोलणार. तोंडही उघडलं असेल. पण मावशीचं पेन पुन्हा चालायला लागलं, आणि तिच्या खांद्यावरून मला जे दिसलं ते मास्तरांनी सांगितलेलं नव्हतं. तिने लिहिलं होतं: अकरा वर्षं या दुकानातला प्रत्येक कोट हिने स्वतःच्या अंदाजाने कापला. एकही परत आला नाही. हिला बेतता येतं.

मास्तर म्हणाले, वाचून दाखव. मावशीने कागद उचलला आणि स्वच्छ आवाजात वाचलं, मी मारलेली रेघ हिने कधीही सोडली नाही, सांगितलेलं काम सांगितलं तसं करते. एक शब्द इकडचा तिकडे नाही. मास्तरांनी समाधानाने मान डोलावली. तिने त्यांचं बोट धरून कागदावर योग्य जागी ठेवलं आणि त्यांनी सही केली, मोठी, वर चढत गेलेली. मावशीने शाई वाळू दिली.

मग मावशीने असं काही केलं, जे मला तिच्याकडून कधीच अपेक्षित नव्हतं. तिने मागितलं.

“मास्तर, एकदा तोंडाने म्हणा ना. बाई, तुला बेतता येतं, असं. एकदाच.”

मास्तर तिच्या आवाजाच्या दिशेने वळले. त्यांना नवल वाटलं असावं, थोडा संकोचही. असलं काही बोलायची सवय त्यांना नव्हती. त्यांनी कागदावरून तळवा फिरवला, सहीवरून, वरच्या ओळींवरून.

“आता वेगळं काय म्हणायचं, बाई,” ते म्हणाले, “सही केली की मी. सगळं लिहिलंय त्यात.”

मावशीने कागदाची घडी घातली.

“हो,” ती म्हणाली. “लिहिलंय.”